लेखनसीमा : नीट बंद केलेला लॅपटॉप ‘नीट बंद झाला नव्हता’ असे का सांगतो?

थ्रेड.

पेण किंवा रोह्यातल्या एखाद्या घराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. रात्री हिशेब आटोपला, फाइल जतन केली, स्टार्टमध्ये जाऊन शट डाउन दाबले, पडदा काळा झाला आणि झाकण मिटले. सकाळी लॅपटॉप सुरू करताच यंत्राची तक्रार समोर येते : मागच्या वेळी संगणक अनपेक्षितपणे बंद पडला होता. आठवड्यापूर्वी प्रणालीचे अपग्रेड झाले. त्याआधी असे कधी घडले नव्हते. मालक म्हणतो, मी नीट बंद केला. यंत्र म्हणते, नाही. साक्ष कोणाची ग्राह्य धरायची?

प्रश्न दुरुस्तीच्या दुकानातला दिसतो, पण तो साधनचिकित्सेचा आहे आणि त्याला बराच जुना इतिहास आहे.

शिवकालीन पत्रांपासून आरंभ करणे सोयीचे. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर वरच्या बाजूला राजमुद्रा असते, हे सर्वांना ठाऊक असते. मजकूर संपतो तिथे आणखी एक छोटी मुद्रा असते : ‘मर्यादेयं विराजते’. हिलाच मोर्तब म्हणतात. पुढे पेशवाईत ‘लेखनसीमा’ अशी अक्षरे असलेले शिक्केही याच कामासाठी वापरात होते. या मुद्रेचा अर्थ इतकाच की पत्र येथे पूर्ण झाले आणि याखाली कोणी एक ओळही वाढवू नये. आता एखाद्या दप्तरात मोर्तब नसलेला कागद हाती आला, तर पत्र अर्धवट राहिले असे म्हणता येईल का? येईलही. परंतु खालची पट्टी कसरीने खाल्लेली असू शकते. किंवा तो कागद मूळ पत्र नसून कारकुनाने दप्तरासाठी केलेली नक्कल असू शकतो. नकलेवर शिक्का उमटवण्याचे कारणच नसते. मोर्तबाचा अभाव हा पुरावा आहे खरा, पण कशाचा, हे तपासल्याविना कळत नाही.

संगणकाची अडचण नेमकी हीच आहे. स्वतः कसे बंद पडलो, हे कोणतेही यंत्र पाहू शकत नाही. वीज गेली त्या क्षणी नोंद करणाराच नाहीसा होतो. म्हणून दुसऱ्या दिवशी जागे झालेले यंत्र मागे ठेवलेली खूण शोधते, आणि ती सापडली नाही तर अपघात झाला असा निष्कर्ष काढते.

ही युक्ती रूढ होण्याआधी सारा भार माणसांवर होता. सत्तरच्या दशकातील युनिक्स प्रणाली वेग साधण्यासाठी लिहायचा मजकूर थेट डिस्कवर न नेता काही काळ स्मृतीत ठेवी. यंत्र बंद करण्यापूर्वी ‘सिंक’ ही आज्ञा देऊन तो मजकूर डिस्कवर उतरवावा लागे. जुने चालक ही आज्ञा तीनदा टंकत. पुढे तो एक विधीच झाला. कोणी विसरले किंवा वीज गेली तर फाइलींच्या नोंदी आपसांत जुळेनाशा होत. त्या तपासून जुळवणारा ‘एफएससीके’ हा प्रोग्रॅम टेड कोवाल्स्की यांनी लिहिला. डिस्क मोठ्या झाल्या तशी ही तपासणी फार वेळ खाऊ लागली, आणि दर वेळी ती करणे परवडेना. मग डिस्कच्या आरंभीच एक खूण ठेवण्याची पद्धत आली. लिनक्सच्या ‘ईएक्सटी२’ या १९९३ च्या फाइल-व्यवस्थेत ती स्पष्ट दिसते. डिस्क वापरायला घेताच ‘स्वच्छ’ ही खूण पुसली जाते. नीट बंद करताना ती पुन्हा लिहिली जाते. सुरू होताना खूण दिसली नाही तर तपासणी करायची.

यातला कल लक्षात घ्यावा. शंका आली की यंत्र वाईटाकडे झुकते. हा दोष नाही, हे शहाणपण रेल्वेने शंभर वर्षे आधी पत्करलेले होते.

पेणहून रोह्याकडे जाणारा प्रवासी याच शहाणपणाच्या भरवशावर जातो. रोहा हे मध्य रेल्वेची हद्द संपून कोकण रेल्वेची सुरू होण्याचे ठिकाण. येथून ठोकूरपर्यंतचा मार्ग १९९८ मध्ये पूर्णपणे खुला झाला. रुळांवर गाडी उभी आहे की नाही हे ओळखणारे ‘ट्रॅक सर्किट’ अमेरिकेतील विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये सिद्ध केले. रुळांतून सौम्य वीजप्रवाह वाहत राहतो आणि तो पलीकडे पोहोचला तरच मार्ग मोकळा मानला जातो. गाडीच्या आसामुळे प्रवाह मध्येच वळला, तर सिग्नल लाल. पण तार तुटली, बॅटरी संपली, पावसाने रूळ पाण्याखाली गेले, तरीही सिग्नल लालच. रिकामा मार्ग भरलेला दाखवण्याचा खोटेपणा येथे मुद्दाम पत्करला आहे. भरलेला मार्ग रिकामा दाखवणे मात्र कदापि चालणार नाही. कोकणातल्या पावसाळ्यात विनाकारण थांबलेल्या गाडीवर चिडणाऱ्याने हे आठवावे.

घरगुती संगणकात ही रीत विंडोज ९५ च्या १९९६ मधील सुधारित आवृत्तीने रुजवली. नीट बंद न केलेले यंत्र सुरू होताच निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क धावू लागे आणि पुढच्या वेळी शट डाउन वापरा, अशी जवळजवळ शिक्षकी समज देई. महाराष्ट्रातील एका पिढीने हा धडा वर्गातच गिरवला. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम तालुक्यातालुक्यांत पोहोचला, तेव्हा शट डाउन करण्याची योग्य पद्धत हा त्यातला अगदी सुरुवातीचा पाठ होता. त्याच दशकात राज्यभर भारनियमन होते. यूपीएसची शिट्टी वाजली की हातचे काम टाकून फाइल जतन करायची धावपळ उडे. त्या काळी यंत्राने ‘मी नीट बंद झालो नव्हतो’ म्हटले, तर ते बहुधा खरेच असे.

मोठ्या संगणकांची नोंदवही अधिक काटेकोर होती. विंडोज एनटी ४ ला १९९८ मध्ये मिळालेल्या चौथ्या सर्व्हिस पॅकपासून तीत दोन क्रमांक आले : नीट बंद झाल्यास ६००६, न झाल्यास ६००८. यामागची यंत्रणा सुरेख आहे. चालू असताना प्रणाली ठरावीक अंतराने ‘अजून जिवंत आहे’ अशी वेळेची नोंद करते आणि नीट बंद होताना ती पुसून टाकते. पुढच्या वेळी ती नोंद तशीच सापडली, की ६००८ लिहिला जातो. म्हणून या नोंदीत दिसणारी वेळ ही बंद पडण्याची वेळ नसते, ती शेवटची जिवंत खूण असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा भेद नवा नाही : एखाद्या व्यक्तीचे शेवटचे पत्र ज्या तारखेचे, ती तिची मृत्युतिथी ठरत नाही. दुरुस्ती करणारे मात्र या वेळेवर विसंबून ‘त्या मिनिटाला काय चालले होते’ याचा शोध घेत बसतात.

मग अपग्रेडने बिघडवले काय?

उत्तर २०१२ मध्ये सापडते. त्या वर्षीच्या विंडोज ८ ने ‘फास्ट स्टार्टअप’ आणले आणि शट डाउन या शब्दाचा अर्थच बदलला. आता शट डाउन दाबले की वापरणाऱ्याचे काम बंद होते, पण प्रणालीचा गाभा बंद होत नाही; तो जसाच्या तसा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तेथून उचलला जातो. त्यामुळे यंत्र लवकर सुरू होते. बटणावरचे नाव मात्र तेच राहिले. पूर्णतः बंद होऊन नव्याने सुरू होणे आता रीस्टार्टमध्ये घडते, शट डाउनमध्ये नाही. इतका मोठा बदल इतक्या गुपचूप करणे योग्य नव्हते. निम्मा गोंधळ त्या जुन्या नावाचा आहे.

गाभा बंदच होत नसल्याने नोंदवहीची सेवाही बंद होत नाही, आणि रात्रीच्या शट डाउनपाशी ६००६ लिहिला जात नाही. अननुभवी तपासनीस ६००६ शोधतो, तो सापडत नाही, आणि यंत्र रोज अपघाताने बंद पडते असे ठरवून मोकळा होतो. नकलेवर मोर्तब शोधण्याची ही चूक आहे. टास्क मॅनेजरमधील ‘अप टाइम’ पाहिला तर रोज रात्री बंद होणारे यंत्र कित्येक दिवस चालू असल्याचे दिसते. तेवढ्यावरून खुलासा होतो. त्याच लॅपटॉपवर लिनक्सही असेल, तर ते विंडोजची डिस्क ‘नीट बंद केलेली नाही’ म्हणून लिहिण्यासाठी उघडायला नकार देते. त्याच्या जागी ते बरोबरच आहे.

दुसरे कारण अधिक त्रासाचे. यंत्राच्या सुट्या भागांशी बोलणारे ड्रायव्हर जुन्या प्रणालीसाठी लिहिलेले असतात. नवी प्रणाली गाभा झोपवू पाहते, एखादा जुना ड्रायव्हर प्रतिसाद देत नाही. पडदा काळा होतो, पण पंखा फिरत राहतो आणि दिवा तेवत राहतो. विंडोज १० च्या २०१५ मधील मोफत अपग्रेडनंतर अनेक लॅपटॉपांवर हेच घडले. वैतागून माणूस पॉवरचे बटण दाबून धरतो आणि यंत्र मरते. सकाळी येणारा संदेश मग खोटा नसतो. मालकही खोटे बोलत नसतो. त्याने शट डाउन दाबलेच होते. दोन्ही साक्षीदार खरे आणि तरी साक्ष विसंगत, असा हा प्रकार.

म्हणून उलटतपासणी करावी लागते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम हा विभाग उघडावा. ‘कर्नल-बूट’ची २७ क्रमांकाची नोंद यंत्र कसे उठले ते सांगते : शून्य असेल तर पूर्ण आरंभ, एक असेल तर फास्ट स्टार्टअप, दोन असेल तर हायबरनेटमधून. रात्री शट डाउन केले आणि सकाळी एक दिसला, तर रात्रीचा निरोप व्यवस्थित झाला होता. शून्य दिसला आणि सोबत ‘कर्नल-पॉवर’ची ४१ क्रमांकाची नोंद असली, तर त्या नोंदीचा तपशील उघडावा. तेथे ‘बगचेक’चा आकडा शून्याहून वेगळा असेल, तर प्रणाली स्वतः कोसळली होती. ‘पॉवर बटण’ची वेळ नोंदलेली असेल, तर कोणीतरी बटण दाबून धरले होते. दोन्ही शून्य असतील, तर वीज तुटली किंवा यंत्र गोठले, यापलीकडे नोंदवही काही सांगू शकत नाही.

यानंतरचे उपाय साधे आहेत. कंट्रोल पॅनलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करावे आणि चार दिवस पाहावे. तक्रार थांबली तर दोष झोपवण्याच्या टप्प्यात होता. मग लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून चिपसेटचे आणि डिस्कचे नवे ड्रायव्हर घ्यावेत. मोठ्या अपग्रेडनंतर ही सोय अनेकदा आपोआप पुन्हा सुरू झालेली आढळते, तेव्हा तेही तपासावे. याउलट, संदेश दिसताच सगळे पुसून प्रणाली नव्याने टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि पेणच्या एखाद्या मूर्तिकाराची गणपतीच्या हंगामातली ऑर्डरींची यादी त्यात वाहून जाऊ शकते. संदेशाकडे कायमचा काणाडोळा करणे हा दुसरा टोकाचा मार्ग. ‘लांडगा आला रे आला’ची सवय झालेल्या घरात फुगत चाललेली बॅटरी किंवा मरणपंथाला लागलेली डिस्क कोणाच्या लक्षात येत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब मोठ्या संख्येने कोसळले आणि जिल्ह्याच्या अनेक भागांत अंधार बरेच दिवस टिकला. टाळेबंदीमुळे शाळा आणि कचेऱ्या त्या वेळी घरातल्या पडद्यांवर आलेल्या होत्या. अशा वेळी लॅपटॉप काय करतो, हे पाहण्यासारखे आहे. चार्जरची वीज गेली तरी तो बॅटरीवर चालत राहतो, आणि बॅटरी अगदी तळाला गेली की सारे डिस्कवर उतरवून स्वतःहून हायबरनेटमध्ये जातो. वीज परतल्यावर सुरू केला, तर तक्रारीचा शब्दही काढत नाही, कारण त्याची लेखनसीमा त्याने वेळेत लिहिलेली असते. थकलेल्या बॅटरीच्या लॅपटॉपला तेवढी सवड मिळत नाही. वीस टक्के दाखवणारा आकडा एकाएकी शून्यावर येतो, आणि वीज येताच पहिल्या पडद्यावर तोच संदेश उभा राहतो. फरक इतकाच, की या वेळी तो खरा असतो.