कर्नलचं पहिलं अक्षर : सीरियल तारेचा मागोवा

प्रायोगिक ऑपरेटिंग सिस्टिम खऱ्या यंत्रावर चढवताना एक पेच हमखास पडतो. ग्राफिक्सचा ड्रायव्हर चुकला तर चूक दाखवायला पडदाच राहत नाही. डिस्कचा ड्रायव्हर चुकला तर लॉग लिहायला जागा उरत नाही. यूएसबीचा ड्रायव्हर कोसळला की कीबोर्ड मुका होतो. जे बिघडलं, त्याच्याच मदतीने बिघाड शोधायची वेळ येते. त्यामुळे चूक शोधण्याआधी एक सोय करून ठेवावी लागते : यंत्र कोसळताना दोन शब्द बाहेर टाकू शकेल अशी एखादी वाट. ही वाट जितक्या कमी गोष्टींवर अवलंबून, तितकी ती भरवशाची. या कसोटीला गेली कित्येक दशकं सीरियल तार उतरत आली आहे, आणि तिचं कूळ संगणकाहूनही जुनं आहे.

ते कूळ तारायंत्रात सापडतं. फ्रान्सच्या तारखात्यात काम करणाऱ्या एमिल बोदोने १८७४ साली पाच बिटांच्या संकेताचं पेटंट घेतलं. सीरियल वेग मोजण्याचं बॉड हे एकक त्याच्याच नावावरून आलं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत चार्ल्स क्रम आणि त्यांचा मुलगा हॉवर्ड यांनी टेलिप्रिंटरसाठी स्टार्ट-स्टॉप पद्धत व्यवहारात आणली. तार एरवी एका ठरलेल्या पातळीवर स्वस्थ असते. अक्षर निघालं की आधी एक स्टार्ट बिट येतो, मग अक्षराचे बिट, शेवटी स्टॉप बिट. दोन्ही टोकांची घड्याळं सतत जुळवत बसावी लागत नाहीत, कारण प्रत्येक अक्षराबरोबर मोजणी नव्याने सुरू होते. आधीचं अक्षर हरवलं तरी पुढचं वाचता येतं. अडखळत बोलणाऱ्या यंत्राचं ऐकायला याहून सोयीची रीत नव्हती.

संगणक आले तेव्हा ही यंत्रणा तयारच होती. १९६० साली आरएस-२३२ हे मानक निघालं. डीईसी कंपनीच्या पीडीपी-१ या संगणकासाठी गॉर्डन बेल यांनी समांतर बिटांना एका ओळीत लावून तारेवर सोडणारं सर्किट रचलं. तेव्हा त्याला अख्खा बोर्ड लागे. १९७० च्या सुमारास ते एका चिपमध्ये मावू लागलं आणि ‘यूएआर्ट’ म्हणून स्थिरावलं. १९६३ चं टेलिटाइप मॉडेल ३३ सेकंदाला १० अक्षरं छापायचं. बेल लॅब्जमध्ये १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली तेव्हा सिस्टिमशी संवाद अशाच यंत्रावर चाले. कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, शेवटची तक्रार कागदावर छापली जाई, आणि वीज गेली तरी तो कागद राही. त्या काळी युनिक्सही एक प्रायोगिक सिस्टिमच होती, हे विसरू नये.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम पीसी आला. त्याच्या सीरियल कार्डावर ८२५० ही यूएआर्ट चिप होती. पहिल्या पोर्टचा पत्ता ३एफ८. तो पत्ता आजही कर्नल लिहिणाऱ्याच्या बोटांवर असतो. या चिपवर अक्षर पाठवायला फार काही करावं लागत नाही. स्थितीच्या रजिस्टरमधला एक बिट पाहायचा, चिप मोकळी आहे असं दिसलं की ३एफ८ वर एक बाइट लिहायचा. इंटरप्ट लागत नाही, मेमरी वाटून देणारी व्यवस्था लागत नाही, दुसरा कुठलाही ड्रायव्हर लागत नाही. बूट होताना अगदी पहिल्या क्षणी, जेव्हा सिस्टिममध्ये जवळजवळ काहीच उभं नसतं, तेव्हाही ‘इथवर पोहोचलो’ एवढं ती सांगू शकते. कर्नल लिहिणाऱ्याची ही आंधळ्याची काठी.

लिनक्सच्या जन्मकथेतही ही तार आहे. १९९१ साली हेलसिंकीत लिनस टॉरवाल्ड्स यांनी ३८६ पीसीवर दोन कामं आळीपाळीने चालवून पाहिली. एक ए छापायचं, दुसरं बी. त्यातूनच विद्यापीठाच्या संगणकाशी मोडेमवरून बोलणारा टर्मिनल प्रोग्रॅम झाला. एक काम कीबोर्डकडून मोडेमकडे जाई, दुसरं मोडेमकडून पडद्याकडे. मग त्याला डिस्कचा ड्रायव्हर आणि फाइल सिस्टिम जोडली गेली. नंतर एकदा डायल करण्याची आज्ञा मोडेमऐवजी हार्ड डिस्कवर गेली आणि ते वापरत असलेल्या मिनिक्स या सिस्टिमचं विभाजन खराब झालं. तेव्हापासून त्यांनी लिनक्सवरच राहायचं ठरवलं.

सुरुवातीपासून ड्रायव्हरच्या चुकांवरच एवढं लक्ष का, याला आधार आहे. २००१ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लिनक्स कर्नलच्या चुका तपासल्या, तेव्हा ड्रायव्हरमधल्या चुकांचं प्रमाण उरलेल्या कर्नलच्या तीन ते सात पट निघालं. याची कारणं कामाच्या स्वरूपातच आहेत. चिपचा दस्तऐवज अपुरा असतो किंवा मिळतच नाही. मिळाला तरी चिप त्याबरहुकूम वागेलच असं नाही. शिवाय इंटरप्ट नेमका कधी येईल हे आपल्या हातात नसतं. मोठ्या सिस्टिमसाठी चिप बनवणारी कंपनी स्वतः ड्रायव्हर लिहून देते. प्रायोगिक सिस्टिमसाठी ते कुणी करत नाही.

हायकू या प्रायोगिक सिस्टिमचा प्रवास याच दृष्टीने पाहावा. जाँ-लुई गासे यांनी १९९० साली बी कंपनी काढली. १९९५ च्या तिच्या बीबॉक्स संगणकाला चक्क चार सीरियल पोर्ट होते. २००१ साली पामने कंपनीची मालमत्ता विकत घेतली. त्याच वर्षी चाहत्यांनी कंपनीची बीओएस ही सिस्टिम नव्याने लिहायला घेतली, आणि २००४ मध्ये तिला हायकू हे नाव मिळालं. तिचा कर्नल ट्रॅव्हिस गायझलब्रेख्त यांच्या न्यूओएसमधून आला. कर्नल कोसळला की पडदा गोठून राहत नाही. आत उतरायला एक डीबगर उघडतो. कुठलं फंक्शन कुणी बोलावलं याची साखळी तिथे पाहता येते, लॉग वाचता येतो. बूटच्या मेनूत सीरियलवर संदेश पाठवायचे, ते पडद्यावर दाखवायचे, ग्राफिक्स साध्या पद्धतीवर आणायचे असे पर्याय आहेत. बिघाडाच्या वेळी एकेक आधार काढून पाहायचा आणि कशाने फरक पडतो ते टिपायचं, ही पद्धत त्या मेनूतच रचून ठेवली आहे. नेटवर्कचे अनेक ड्रायव्हर हायकूने फ्रीबीएसडीकडून एका जुळवणीच्या थराद्वारे घेतले. त्यामुळे चूक ड्रायव्हरची, थराची की चिपची, हे वेगळं काढणं हीच तिथली मोठी परीक्षा असते.

सीरियल तारेला तिची मर्यादाही आहे. १,१५,२०० बॉडला एक अक्षर जायला सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची तेवढ्यात अडीच लाखांवर आवर्तनं होतात. वेळेच्या शर्यतीतून उपजणारी चूक शोधायला संदेश घातला, तर त्या संदेशाच्या दिरंगाईनेच चूक नाहीशी होते. संदेश काढला की परत हजर. अशा वेळी नोंदी मेमरीत साठवून त्या सावकाश बाहेर काढतात. निरीक्षणाने निरीक्षित बदलतं, हे इथे रोजच्या कामात भेटतं.

२००३ साली फॅब्रिस बेलार यांचा क्यूईएमयू हा यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम आला आणि पुष्कळ काम आभासी यंत्रावर गेलं. तिथेही नकली यूएआर्ट आहे, आणि नव्या कर्नलचं पहिलं अक्षर बहुधा तिथेच उमटतं. पण आभासी चिप आज्ञाधारक असते. खरी चिप उशीर करते, एखादा बिट राखून ठेवते, झोपेतून उठताना अडते. आभासी यंत्रावर नीट चालणारा ड्रायव्हर खऱ्या लॅपटॉपवर अडला की पुन्हा तारेचीच आठवण होते, आणि नेमकी तीच तिथे नसते.

नव्या लॅपटॉपवरून सीरियल पोर्ट हळूहळू गेला. यूएसबी १९९६ मध्ये आलं, आणि जुने पोर्ट काढून टाका असा सल्ला मायक्रोसॉफ्ट व इंटेलच्या संयुक्त मार्गदर्शिकांनी दिला. ग्राहकाच्या दृष्टीने ते रास्त होतं. पण यूएसबीवर एक अक्षर पाठवायला कंट्रोलर जागा करणं, मेमरीत रांगा मांडणं, उपकरणाची ओळख पटवणं एवढं सगळं आधी चालावं लागतं. यूएसबी २ च्या कंट्रोलरमध्ये डीबग पोर्टची तरतूद होती, पण ऐच्छिक. नेटवर्कवरून संदेश पाठवायचा तर नेटवर्कचा ड्रायव्हर आधी धड हवा.

तरी ही वंशवेल तुटलेली नाही. अ‍ॅपलचे एम१ संगणक २०२० च्या नोव्हेंबरात आले, आणि त्यांवर लिनक्स आणणाऱ्या आसाही प्रकल्पाला आत सीरियल सापडलंच. यूएसबी-सी पोर्टला ठरावीक संदेश पाठवला की त्यातल्या दोन पिनांवर यूएआर्ट मिळतं. त्या आधारावर मॅकओएस हार्डवेअरशी कसं बोलतं ते पाहत, दस्तऐवजांशिवाय ड्रायव्हर लिहिले गेले. रास्पबेरी पायच्या पिनांतही यूएआर्ट आहे. पुण्या-नागपूरच्या महाविद्यालयात अर्डुइनोवर पहिला प्रोग्रॅम लिहून ९६०० बॉडला अक्षरं वाचणारा विद्यार्थीही याच परंपरेत बसतो. बोदोच्या तारखात्यातून निघालेली रीत त्याच्या हातात आहे, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

यंत्र बनवणाऱ्यांकडे माझं मागणं त्यामुळे साधं आहे : बोर्डावर यूएआर्टच्या दोन पिना ठेवा आणि त्या कुठे आहेत ते छापा. खर्च नगण्य आहे. आणि जो नव्या सिस्टिमसाठी ड्रायव्हर लिहायला बसतो आहे त्याने यंत्र निवडताना प्रोसेसरच्या आधी हे पाहावं. डेस्कटॉपच्या पुष्कळ मदरबोर्डांवर आजही सीरियलच्या पिनांचा जोड असतो. पट्टीची केबल लावली की काम सुरू. युनिक्स, लिनक्स, हायकू या सगळ्या एके काळी कुणाच्या तरी टेबलावरच्या अर्धवट सिस्टिम होत्या. त्या पुढे सरकल्या त्या चुका लवकर आणि स्पष्ट दिसल्या म्हणून. पुढच्या सिस्टिमलाही तेवढी संधी मिळायला हवी.