आडवाटेवरचे सोने

सीमाभागात वाढल्यामुळे असेल, पण ऑस्ट्रेलियातील आरारात शहराचा इतिहास मला जवळचा वाटतो. १८५५ साली व्हिक्टोरिया वसाहतीने आपल्या बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर १० पौंडांचा कर बसवला. मग हे खाणकरी शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियातील रोब बंदरात उतरून शेकडो मैल पायी सोन्याच्या मुलखाकडे निघाले. १८५७ मध्ये अशाच एका जथ्याला वाटेत, बुजलेल्या जुन्या ओढ्याच्या पात्रात सोने सापडले. तीच ‘कँटन लीड’. तिथे माणसांची रीघ लागली, आरारात भरभराटले. भूगर्भशास्त्राची पदवी नसलेल्या या माणसांना माती वाचता येत होती. त्याच वर्षी दक्षिण ऑस्ट्रेलियानेही तसाच कर बसवला. आडवाट अडली, शहर मात्र आजही उभे आहे.