सच्चे नेतृत्व

अनुयायांच्या हिताला स्वतःच्या लाभापुढे ठेवणारे नेतृत्व. अमेरिकन विचारवंत रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० मध्ये ‘सेवक-नेता’ ही कल्पना मांडली. बिल जॉर्ज यांच्या २००३ मधील पुस्तकानंतर व्यवस्थापनशास्त्रात ‘अस्सल नेतृत्व’ हा शब्दप्रयोग रुळला. वक्तृत्व किंवा साधी राहणी यांवरून मात्र अशा नेतृत्वाची खात्री पटत नाही, कारण स्वार्थी नेताही या दोन्ही गोष्टी साधू शकतो. कामाची झळ कोण सोसतो आणि श्रेय कोणाकडे जाते, हे पाहणे अधिक भरवशाचे.

कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांचे कार्य या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ मध्ये ती साताऱ्यास हलवली. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंक्तीत जेवत. त्या काळी हे धाडसाचेच होते. मुलांच्या जेवणासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. हा त्याग भाऊरावांच्या नावाआड झाकला जाऊ नये. ‘कमवा आणि शिका’ या पद्धतीमुळे विद्यार्थी उपकाराच्या ओझ्याखाली राहिले नाहीत, स्वतःच्या श्रमावर शिकले. संस्थेला नाव मिळाले ते रयतेचे. शाळा-महाविद्यालयांना शिवाजी महाराज, सयाजीराव, गांधीजी यांची नावे देण्यात आली. पुढे संस्था भाऊरावांच्या पश्चातही विस्तारत गेली व महाराष्ट्रातील मोठ्या शिक्षणसंस्थांपैकी एक ठरली.