पहिले काही तास : मज्जारज्जूच्या रक्तपुरवठ्याचा इतिहास

नोकरीधंद्यानिमित्त दुबई-अबूधाबीकडे गेलेली मराठी घरे किती आहेत, हे वाचकांस सांगावयास नको. कोणी इमारतींच्या कामावर आहेत, कोणी मोटारी चालवतात. त्या अमिरातीत पाठीच्या कण्याला जबर इजा होते ती मुख्यतः दोन कारणांनी : रस्त्यावरचा अपघात आणि उंचावरून पडणे. १९७३ साली सुरू झालेल्या दुबईच्या राशीद हॉस्पिटलात असे जखमी नेहमी येतात. तशी बातमी घरी आली की माणसे म्हणतात, "कणाच मोडला, आता काय उरले?" आम्हा परिचारिकांचे उत्तर असे की, पहिल्या धक्क्यातच सारे संपते असे नाही. हे वैद्यकाला कसे उमगले, ते थोडक्यात सांगतो.

सुमारे ३६०० वर्षांपूर्वीच्या एका मिसरी गुंडाळीत मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या माणसाचे वर्णन आहे. त्यावर वैद्याचा निर्णय एवढाच, की या दुखण्यावर उपाय करू नये. हा निर्णय हजारो वर्षे टिकला.

मज्जारज्जू करंगळीएवढा जाड. १८८१-८२ साली अल्बर्ट आडामकीविच या पोलिश वैद्याने त्याच्या रक्तवाहिन्यांचे बारकाईने वर्णन केले. पुढून एक आणि मागून दोन अशा बारीक धमन्या त्यास रक्त पुरवतात. त्यांतील पुढची एकटीच सुमारे दोन-तृतीयांश भाग सांभाळते. हा पुरवठा किती नाजूक आहे, ते तेव्हा स्पष्ट झाले.

१९११ साली अमेरिकेत आल्फ्रेड रेजिनाल्ड ॲलन यांनी कुत्र्यांच्या मज्जारज्जूवर ठराविक वजन ठराविक उंचीवरून टाकून पाहिले. मार बसल्यावर आतला रक्ताळलेला द्रव काढून टाकला, तर जनावरे अधिक सुधारत. म्हणजे मारानंतरही आत काहीतरी बिघडत राहते, असा त्यांचा तर्क होता.

तरीही रोगी पुढे मरत ते बहुधा शय्याव्रणांनी व लघवीच्या विकारांनी. नाझी जर्मनीतून निसटलेले यहुदी डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४४ साली इंग्लंडातील स्टोक मँडेव्हिल येथे वॉर्ड उघडला आणि रोग्यास दर दोन तासांनी कुशीवर वळवण्याची शिस्त लावली. रोगी जगू लागले. मग प्रश्न उरला तो पहिल्या तासांचा.

निरोगी मज्जारज्जूत रक्तदाब थोडा वरखाली झाला तरी रक्ताचा प्रवाह सारखा राहतो. रक्तवाहिन्या आपणहून आकसतात वा सैलावतात. १९७९ साली सेंटर आणि व्हीनस या संशोधकांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले, की जबर मारानंतर ही शक्ती जाते आणि प्रवाह पुढील काही तासांत घटत जातो. सूज येते, बारीक वाहिन्या बंद होतात, आणि मारातून वाचलेल्या पेशीही रक्तावाचून मरतात. १९९१ साली कॅनडातील टेटर व फेलिंग्ज यांनी या 'दुसऱ्या इजे'चा सर्व पुरावा एकत्र मांडला.

त्यात आणखी एक संकट. मानेशी किंवा छातीच्या वरच्या भागात इजा झाली, तर रक्तवाहिन्यांना आवळून धरणाऱ्या नसाच निकामी होतात. रक्तदाब उतरतो, पण नाडी जलद न होता मंद होते आणि अंग गरम लागते. रक्तस्रावाच्या रोग्यात याच्या उलट दिसते. नाडीवर बोट ठेवणाऱ्या परिचारिकेस हा फरक आधी कळतो.

१९९७ साली अमेरिकेत ७७ रोग्यांचा सरासरी रक्तदाब सात दिवस ८५ मिलिमीटरच्या वर राखण्यात आला. अनेकांत सुधारणा दिसली, पण तुलनेस दुसरा गट नव्हता. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय सूचनांनुसार तीन ते सात दिवस हा दाब किमान ७५ ते ८० ठेवावा, आणि औषधे देऊन ९० ते ९५ च्या पुढे चढवू नये. पुरावा अजून भक्कम नाही, असेही तेथे नमूद आहे. मेलेल्या पेशी यातून परत येत नाहीत. धडपड असते ती उरलेल्या वाचवण्याची.

तेव्हा आखातातील आपल्या मुलांना एवढे अवश्य कळवा : पडलेल्या सोबत्यास उठवून बसवू नये, गाडीत कोंबू नये. मान स्थिर धरावी आणि रुग्णवाहिकेसाठी ९९८ फिरवावा. हाताची बोटे वा पायाचा अंगठा हलवण्याइतकी शक्ती उरते की जाते, हे कित्येकदा त्या पहिल्या तासांवर ठरते.