पेशींतला लगाम आणि तान्ह्या मुलांचा श्वासविकार

इ. स. १९५६ सालीं अमेरिकेंतील एका प्रयोगशाळेंत पाळलेल्या चिंपांझींना पडसें झालें, आणि त्यांच्यापासून एक अपरिचित विषाणु हातीं लागला. पुढच्याच वर्षीं रॉबर्ट चॅनॉक ह्यांना बाल्टिमोर येथील आजारी बालकांत तोच विषाणु आढळला. पेशींना एकमेकींत मिसळून टाकण्याच्या त्याच्या स्वभावावरून त्याला 'रेस्पिरेटरी सिन्सिशिअल' असें लांबलचक नांव पडलें. नांव अवघड, पण रोग घरोघरचा. दोन वर्षांचें होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदां तरी गांठतोच. बहुतेकांचें सर्दीखोकल्यावर निभावतें. कांहींची मात्र छाती भरून येते आणि श्वासागणिक बरगड्या आंत ओढल्या जातात.

१९६६ च्या सुमारास फॉर्मॅलिननें मारलेल्या ह्या विषाणूची लस अमेरिकेंतील कांहीं बालकांना टोचण्यांत आली. पुढें खऱ्या विषाणूशीं गांठ पडतांच विपरीत घडलें. एका चांचणींत, लस घेऊनहि संसर्ग झालेल्यांपैकीं शेंकडा ८० मुलांना रुग्णालयांत ठेवावें लागलें. ही लस न घेतलेल्यांत हें प्रमाण शेंकडा ५ होतें. दोन बालकें दगावलीं. रक्षणासाठीं उभी केलेली फौजच घर जाळूं लागली! विषाणूइतकीच शरीराची बेताल प्रतिक्रियाहि घातक ठरते, हें वैद्यांना तेव्हां कळून चुकलें. पण तिला बेतांत ठेवतो कोण?

ह्याचें एक उत्तर अगदींच आडवाटेनें आलें. मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीची वाढ अभ्यासतांना व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकन ह्यांना १९९३ सालीं सुमारें २२ अक्षरांच्या एका आरएनएचें कार्य उमगलें. त्यापासून प्रथिन बनत नसे. दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला चिकटून तो त्याचें काम थोपवीत असे. ही एका कृमीची खोड समजून विद्वानांनीं सात वर्षें तिकडे फारसें पाहिलें नाहीं. २००० सालीं तसाच दुसरा आरएनए मनुष्यांतहि सांपडला, तेव्हां सर्वांचे डोळे उघडले. त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळावयास २०२४ साल उजाडलें.

मधल्या काळांत, २००६ सालीं, डेव्हिड बाल्टिमोर ह्यांच्या प्रयोगशाळेनें मायक्रोआरएनए १४६-ए ह्याची करामत दाखविली. जंतूची चाहूल लागून पेशी खवळली कीं हा वाढतो, आणि ज्या ट्राफ-६ व इरॅक-१ ह्या प्रथिनांनीं धोक्याची वर्दी आंत पोंचविली, त्यांच्याच जनुकांचे संदेश दाबतो. वर्दीबरोबरच लगामहि तयार होतो, असा हा प्रकार. त्याचा भाऊबंद १५५ हा मात्र उलट वृत्तीचा. तो काढून टाकलेल्या उंदरांची प्रतिकारशक्ति लुळी पडते, असें २००७ सालीं सिद्ध झालें.

२०१५ सालीं नॉर्वेंतील संशोधकांनीं ह्याच श्वासविकारानें आजारी तान्ह्या मुलांच्या नाकांतील पेशी तपासल्या. त्यांत १५५ वाढलेला आढळला. १२५-ए हा सौम्य आजारांत घटलेला दिसला, तीव्र आजारांत मात्र घटलेला नव्हता. हें आजाराचें कारण कीं परिणाम, हें असल्या पाहणीवरून ठरत नाहीं. तथापि नाकांतील चिमूटभर पेशींवरून आजाराचा रोख ओळखण्याची आशा त्यानें जागविली.

बालकांचें प्रत्यक्ष रक्षण दुसऱ्याच दिशेनें आलें. २०२३ सालीं अमेरिकेंत व युरोपांत गर्भवती मातेस टोचावयाची लस मान्य झाली, आणि तिच्यामुळें तयार झालेलीं प्रतिद्रव्यें मूल जन्मतांना बरोबरच घेऊन येतें.