बॉम्बे रक्तगटाची कुळकथा

मराठवाड्यातल्या धारूरच्या माणसाला साखर म्हटलं की दोन गोष्टी आठवतात: दरवर्षीची ऊसतोड आणि मधुमेह. तिसरी साखर आपल्या तांबड्या पेशींवर असते. पेशीच्या बाहेरच्या अंगाला साखरेच्या रेणूंच्या साखळ्या असतात आणि त्यांच्या टोकावर रक्तगट ठरतो. टोकाला फ्यूकोज नावाची साखर जोडली की तयार होतो 'एच'. त्यावर आणखी एक विशिष्ट साखर चढली की गट ए होतो, दुसरी चढली की बी, आणि काहीच चढलं नाही तर ओ.

हे गट व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली वेगळे ओळखले. 'एच'चीच कडी निखळलेलं रक्त मात्र मुंबईत सापडलं. डॉ. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी तपासलेल्या या रक्तात ए नव्हतं, बीही नव्हतं, म्हणजे ते ओ दिसत होतं. पण त्याचा रक्तद्रव ओ गटाच्या, म्हणजे नुसता 'एच' असलेल्या, पेशींच्याही गुठळ्या करत होता. दोन चाचण्या एकमेकींशी जुळत नाहीत म्हटल्यावर नमुनाच बिघडला असेल, असं समजून तो टाकून देणं सोपं होतं. या मंडळींनी ते केलं नाही, याचं मला फार मोल वाटतं. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्यासह त्यांचा शोध १९५२ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. हाच बॉम्बे रक्तगट.

भारतात तो साधारण दहा हजारांत एकाचा, युरोपात दहा लाखांत एकाचा मानतात. आईवडील दोघांकडूनही 'एच' न बनण्याचा दोष आला तरच तो उतरतो, आणि जवळच्या नात्यात हा दोष दोघांतही असण्याची शक्यता जास्त. म्हणून मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या मराठवाड्यात त्याकडे जास्त लक्ष हवं.

रक्तदान शिबिरात काचपट्टीवर रक्ताच्या थेंबांत ए आणि बी ओळखणारे द्रव, अँटी-ए आणि अँटी-बी, टाकून गट पाहतात. दोन्ही थेंब गुळगुळीत राहिले की कार्डावर 'ओ' लिहिलं जातं. बॉम्बे गटाचा माणूस इथेच निसटतो. त्याला पुढे ओ गटाचं रक्त चढवलं तर जिवावर बेतेल. रक्तपेढीत उलट चाचणी केली, म्हणजे रक्तद्रव माहीत असलेल्या ओ पेशींशी मिसळून पाहिला, तर गुठळ्या लगेच दिसतात. ही चाचणी कुठेही टाळू नये.

आणि असा माणूस सापडलाच, तर त्याच्या सख्ख्या भावंडांचं रक्त आधी तपासावं. तोच गट असण्याची शक्यता प्रत्येकात निदान चारांत एक असते.