एकवीस नंबरची गाडी

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात, ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी स्टुअर्ट नावाचं गाव आहे. वस्ती दीड हजाराच्या आत. इथल्या वुड कुटुंबाने 1950 साली मोटारशर्यतीचा एक संघ काढला. स्टॉक कारच्या शर्यती भरवणारी नॅस्कार ही संस्था 1948 ची, म्हणजे हा संघ तिच्याहून दोनच वर्षांनी लहान. इतकी वर्षं न थांबता शर्यतीत उतरणारा दुसरा संघ तिथे नाही, आणि मालकी आजही घरातच आहे. 'वुड ब्रदर्स'ची वाटचाल सांगताना सहसा त्यांच्या विजयांची यादी वाचून दाखवली जाते. मला मात्र त्यांच्या न धावलेल्या शर्यतींचं जास्त कुतूहल आहे. कारण हा संघ दोन वेगवेगळ्या काळांत मोसमातल्या निवडक शर्यतीच धावला. पहिल्यांदा तो हिशेब होता, दुसऱ्यांदा नाइलाज.

स्टॉक कार म्हणजे मुळात दुकानातून विकत घेतलेली साधी प्रवासी गाडी. आज नॅस्कारमध्ये धावणाऱ्या गाडीचा आणि दुकानातल्या गाडीचा संबंध चेहऱ्यापुरताच उरला आहे, पण सुरुवातीला तो खरा होता. ग्लेन वुड हा पाच भावांतला थोरला. जंगलातली झाडं तोडून लाकूड कापण्याचा धंदा करायचा, म्हणून शर्यतीच्या जगात त्याला 'वुडचॉपर' म्हणत. त्याने एका जोडीदाराबरोबर पन्नास डॉलरला 1938 सालची जुनी फोर्ड घेतली आणि जवळच्या मातीच्या ट्रॅकवर उतरवली. पहिल्याच शर्यतीत गाडीला मागून धडक बसली आणि ओढून घरी नेताना तिने पेट घेतला. एवढ्यावरही ग्लेन थांबला नाही. वडील वॉल्टर गाड्या दुरुस्त करायचे. अंगणातल्या बीच झाडाच्या जाड फांदीला साखळी बांधून इंजिनं वर उचलायची, हीच भावांची पहिली कार्यशाळा. दिवसा प्रत्येकाचं पोटापाण्याचं काम, रात्री गाडी, शनिवार-रविवार शर्यत. पगार कुणालाच नव्हता.

ग्लेन स्वतः चांगला चालक होता. नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेत त्याच्या नावावर चार विजय आहेत. पण 1964 मध्ये त्याने स्टिअरिंग सोडलं आणि मालकाची भूमिका घेतली. संघाचं डोकं होता धाकटा भाऊ लिओनार्ड. पोरवयात त्याने कपडे धुण्याच्या यंत्राचं इंजिन काढून त्यावर चालणारी छोटी गाडी बनवली होती. इंजिन बांधणं, गाडी बेतणं, शर्यतीच्या दिवशी सगळ्यांना हुकूम सोडणं, हे सारं त्याच्याकडे.

लिओनार्डला एक साधी गोष्ट इतरांच्या आधी उमगली. ट्रॅकवर एका फेरीत सेकंदाचा दशांश कमवायला जीव टाकावा लागतो. तेच टायर आणि पेट्रोलसाठी गाडी थांबते तेव्हा मात्र सेकंदांच्या राशी वाया जातात. त्या काळी चालक आरामात थांबत, कुणी पाणी पीत, तोवर माणसं आपल्या गतीने नट फिरवत. वुड बंधूंनी या थांब्याची तालीम सुरू केली. कुणी कुठल्या बाजूने धावायचं, हवेची बंदूक कोणत्या हातात, टायर कुठे ठेवायचा, सगळं ठरलेलं. जॅक हलका केला आणि कमी हिसक्यांत गाडी उचलेल असा सुधारला. डेलॅनो हा भाऊ जॅकवर. थांब्याचा वेळ जवळजवळ निम्म्यावर आला. आज कुठल्याही मोटारशर्यतीत आपण जी पिट स्टॉपची कवायत पाहतो, तिचे धडे या भावांनी घालून दिले, असं म्हणणं अतिशयोक्ती नाही.

याची पावती त्यांना परक्या मैदानात मिळाली. 1965 च्या इंडियानापोलिस 500 साठी फोर्ड कंपनीने वुड बंधूंना बोलावलं. गाडी होती इंग्लंडची लोटस, चालक स्कॉटलंडचा जिम क्लार्क, इंजिन फोर्डचं. इंधन भरायचं ते फक्त गुरुत्वाकर्षणाने, उंचावरच्या टाकीतून. लिओनार्डने नळीच्या आतले जोड गुळगुळीत केले, प्रवाह कुठे अडतो ते शोधलं. पन्नासहून अधिक गॅलन इंधन वीसेक सेकंदांत गाडीत उतरायला लागलं, तेव्हा बघणाऱ्यांचा विश्वास बसेना. क्लार्कने 200 पैकी 190 फेऱ्या आघाडीवर राहून शर्यत जिंकली. मागे इंजिन असलेल्या गाडीचा तिथला तो पहिला विजय.

त्याच्या दोन वर्षं आधीचा डेटोनाचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1963 च्या डेटोना 500 या नॅस्कारच्या सर्वांत मोठ्या शर्यतीच्या काही दिवस आधी संघाचा चालक मार्विन पांच दुसऱ्याच एका गाडीची, माझेराटीची, चाचणी घेत होता. ती उलटली आणि पेटली. आगीत धावून त्याला बाहेर ओढणाऱ्यांत 'टायनी' लुंड होता. टोपणनाव 'चिमुकला', अंगाने मात्र आडदांड, आणि त्या शर्यतीसाठी हाताशी गाडी नसलेला. इस्पितळातल्या खाटेवरून पांचने वुड बंधूंना सांगितलं, माझी गाडी त्याला द्या. त्यांनी दिली. इतरांपेक्षा इंधनाचा एक थांबा कमी घेऊन लुंड जिंकला. बेतशीर इंधनाचं गणित लिओनार्डचं होतं, हे वेगळं सांगायला नको.

पुढे केल यारबरोने 1968 मध्ये आणि ए. जे. फॉइटने 1972 मध्ये याच संघासाठी डेटोना 500 जिंकली. त्यानंतर आला डेव्हिड पीअरसन, आणि त्याच्यासोबत निवडक शर्यतींचा पहिला काळ ऐन भरात आला.

हिशेब सरळ होता. लांबलचक मोसमात लहानमोठे अनेक ट्रॅक असत. मोठ्या, वेगवान ट्रॅकवर बक्षिसाची रक्कम भरपूर, छोट्यांवर जाण्यायेण्याचाही खर्च निघायची मारामार. वर्षाअखेरच्या अजिंक्यपदाला आजच्यासारखा भाव नव्हता. घरची चार माणसं, दोन-तीन गाड्या, मग जिथे पैसा तिथेच जायचं. 1973 मध्ये मोसमात 28 शर्यती झाल्या. पीअरसन 18 धावला आणि 11 जिंकला. त्या वर्षीचा अजिंक्यवीर बेनी पार्सन्स सगळ्या शर्यती धावला आणि एकच जिंकला. गुणतक्त्यात पार्सन्स वर. पण पुढच्या रविवारी कुणाची धास्ती बाळगायची, हे पिटमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. वुड ब्रदर्सनी आजवर मालिकेचं चालक-अजिंक्यपद एकदाही जिंकलेलं नाही. काहींना ही उणीव वाटते. मला त्यात लाकूडतोड्याचा व्यवहार दिसतो. जे झाड विकलं जाणार नाही त्यावर कुऱ्हाड कशाला चालवायची?

1972 ते 1979 या काळात पीअरसनने त्यांच्यासाठी 43 शर्यती जिंकल्या. त्यातली सर्वांत गाजलेली 1976 ची डेटोना 500. शेवटच्या फेरीत, शेवटच्या वळणावरून बाहेर पडताना पीअरसन आणि रिचर्ड पेटी एकमेकांना घासले, भिंतीवर आदळले आणि दोघेही गवतात जाऊन पडले. पेटीचं इंजिन बंद पडलं. पीअरसनने गिरकी घेत असतानाच क्लच दाबून आपलं इंजिन जिवंत ठेवलं होतं. रेडिओवर ग्लेनचा मुलगा एडी होता, आणि पीअरसन त्यालाच विचारत होता की पेटीने रेषा ओलांडली का. ओलांडली नव्हती. मोडकी गाडी सायकलच्या वेगाने रेटत पीअरसनने रेषा पार केली.

तीन वर्षांनी जोडी तुटली, तीही पिटमध्ये. डार्लिंग्टनला भाऊ चारही टायर बदलत होते, चालकाला वाटलं दोनच. नट सैल असतानाच तो निघाला आणि पिटच्या वाटेवरच डावीकडची चाकं निखळली. पिट स्टॉप जगाला शिकवणाऱ्या संघाच्या नशिबी हे यावं! काही दिवसांतच दोघांनी वाटा वेगळ्या केल्या.

पुढची दोन दशकं झटपट सांगता येतील. चालक बदलत गेले, अधूनमधून विजय येत राहिले, एडी आणि लेन ही ग्लेनची मुलं आणि मुलगी किम यांच्याकडे कारभार आला. दरम्यान खेळच बदलला. एका मालकाच्या चार-चार गाड्या, शेकडो अभियंते, हवेच्या बोगद्यातल्या चाचण्या. एका गाडीचं घरगुती दुकान मागे पडत गेलं. संघ स्टुअर्ट सोडून शर्यतीच्या उद्योगाचं केंद्र असलेल्या नॉर्थ कॅरोलायनात गेला. गावात उरलं ते संग्रहालय. 2001 मध्ये ब्रिस्टलला इलियट सॅडलर जिंकला आणि मग विजयच थांबले.

त्या काळच्या नियमाप्रमाणे मालकांच्या गुणतक्त्यातल्या पहिल्या 35 गाड्यांना शर्यतीत जागा राखीव असे, बाकीच्यांनी उरलेल्या जागांसाठी वेगाच्या जोरावर झगडायचं. वुड ब्रदर्स या रेषेखाली घसरले. 2008 मध्ये तर ते डेटोना 500 ला पात्रच ठरले नाहीत. राखीव जागा नाही म्हणून गाडी शर्यतीत दिसेल याची खात्री नाही, खात्री नाही म्हणून प्रायोजक नाही, प्रायोजक नाही म्हणून गाडी हळू. या चक्रातून बाहेर पडायला एडी आणि लेन यांनी 2009 पासून वडिलांचाच जुना मार्ग धरला. पैसे पुरतील तेवढ्याच शर्यती, पण त्या नीट. फरक इतकाच की पीअरसनच्या काळी संघ शर्यती निवडायचा, आता प्रायोजकाचा धनादेश.

20 फेब्रुवारी 2011. ट्रेव्हर बेनचा विसावा वाढदिवस होऊन एक दिवस झाला होता. सर्वोच्च मालिकेतली ही त्याची दुसरीच शर्यत. रॉश या दुसऱ्या संघाशी असलेल्या सहकार्यातून तो वुड ब्रदर्सकडे आला होता. पीअरसनच्या सन्मानार्थ गाडीला त्याच्या काळचा लाल-पांढरा रंग दिला होता. शेवटाकडच्या एका पुनरारंभाला डेव्हिड रॅगन पुढे होता, पण रेषेआधीच मार्गिका बदलल्याबद्दल त्याला दंड झाला. बेनच्या वाट्याला अचानक आघाडी आली आणि कार्ल एडवर्ड्सला मागे ठेवून त्याने ती टिकवली. डेटोना 500 चा तो सर्वांत तरुण विजेता. बक्षीस साडेचौदा लाख डॉलरच्या आसपास. अर्धवेळ संघासाठी हा आकडा चषकापेक्षा मोलाचा होता. आणि गंमत म्हणजे बेनने त्या मोसमात दुय्यम मालिकेत गुण मिळवण्याचं ठरवलेलं असल्याने सर्वांत मोठी शर्यत जिंकूनही त्याला एकही गुण मिळाला नाही. वुडांच्या घरी गुणतक्त्याशी हे असं नातं जुनंच आहे.

एका विजयाने दिवस पालटले नाहीत. अर्धवेळ धावणं 2015 पर्यंत चाललं. पात्रता फेरी पावसाने रद्द झाली की असा संघ गाडी पुन्हा ट्रकवर चढवून घरी जातो, आणि रायन ब्लेनीच्या त्या मोसमात हेही घडलं. 2016 मध्ये संघ पुन्हा पूर्णवेळ झाला, तर नॅस्कारने त्याच वर्षी 36 कायम जागांचे परवाने वाटले. आधीची तीन वर्षं पूर्ण मोसम धावलेल्यांनाच ते मिळाले. सर्वांत जुना संघ बाहेर! नियम कागदावर बरोबर असेल, पण साठहून अधिक वर्षांच्या हजेरीला त्यात रकाना नव्हता.

2017 मध्ये पोकोनोला ब्लेनीने रेडिओ बिघडलेला असताना 99 वा विजय मिळवला. ग्लेन वुड तो पाहू शकला. जानेवारी 2019 मध्ये, 93 व्या वर्षी तो गेला. शंभरावा विजय यायला सात वर्षं लागली. 24 ऑगस्ट 2024 ला डेटोनामध्ये हॅरिसन बर्टनने शेवटच्या फेरीत काइल बुशला मागे टाकलं. गुणतक्त्यात तो 34 वा होता आणि पुढच्या मोसमासाठी संघाने त्याच्या जागी जॉश बेरीला घ्यायचं आधीच जाहीर केलं होतं. त्याचे वडील, माजी चालक जेफ बर्टन, त्या रात्री दूरचित्रवाणीवर समालोचन करत होते.

बेरीला मात्र फार वाट पाहावी लागली नाही. या संघासाठी पाचव्याच शर्यतीत, मार्च 2025 मध्ये लास व्हेगासला तो जिंकला. सर्वोच्च मालिकेतला त्याचा तो पहिला विजय. बर्टनचाही डेटोनाचा विजय पहिलाच होता. ब्लेनीचा पोकोनोचा, बेनचा डेटोनाचा, सॅडलरचा ब्रिस्टलचा, त्याआधी डेल जॅरेटचा, काइल पेटीचा आणि अगदी टायनी लुंडचाही पहिला विजय याच संघाच्या गाडीतला. त्यातल्या काहींनी पुढे दुसरीकडे नाव कमावलं. सध्या कारभार पाहणाऱ्या तिसऱ्या पिढीत एडीचा मुलगा जॉन आहे, आणि संघाची एकवीस नंबरची गाडी अजूनही फोर्डच आहे.